देशाचं प्रोजेक्ट करायचंय? लोकसंख्या आणि चालू घडामोडी कशा शोधायच्या ते नेपाळ घेऊन दाखवते

सातवी ते नववीच्या मधे कधी ना कधी हे प्रोजेक्ट येतंच, एक देश निवडा आणि तिथली लोकसंख्या, लोकजीवन, चालू घडामोडी यांची माहिती गोळा करा. मग घरोघरी तेच होतं, सबमिशनच्या आदल्या रात्री आईच्या फोनवर सर्च मारायचा, पहिलं जे दिसेल ते कागदावर उतरवायचं, स्टेशनरीवाल्याकडचा झेंड्याचा चार्ट कापून चिकटवायचा आणि वर स्केचपेनने बॉर्डर. मी परळला भूगोलाची ट्युशन घेते त्यामुळे असल्या फायली भरपूर बघितल्यात, सजावट एक नंबर असते पण आत 'लोकसंख्या ३ कोटी' एवढंच, कुठल्या वर्षीची, कोणी मोजली, काही पत्ता नाही. तर हे लिहितेय ते मुलांसाठी पण आहे आणि मुलांच्या नावाखाली प्रोजेक्ट करणाऱ्या आईबाबांसाठी पण.

पहिलं म्हंजे देश. वर्गातली अर्धी पोरं जपान घेतात, उरलेली अमेरिका नाहीतर स्वित्झर्लंड. जपान वाईट नाहीये, तिथे १९२० पासून दर पाच वर्षांनी जनगणना होते (दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तेवढा गोंधळ झाला) आणि आकडे एकदम व्यवस्थित मिळतात. पण सगळ्यांचं तेच असलं की बाई पण कंटाळतात हो. लहान मुलांनी एकच बघायचं, त्या देशात गेल्या पाच-सहा वर्षांत जनगणना झालीय का. नसेल तर डोक्याला ताप होतो. लेबनॉनमधे शेवटची जनगणना १९३२ साली झाली, अफगाणिस्तानात १९७९, नायजेरियात २००६. या देशांचे जे आकडे नेटवर दिसतात ते सगळे अंदाज. नववीच्या एखाद्या हुशार मुलीने मुद्दाम लेबनॉन घेऊन 'इथे शंभरेक वर्षं माणसं का मोजली नाहीत' असं प्रोजेक्ट केलं तर मी तिला पैकीच्या पैकी देईन, कारण तिथे कुठल्या धर्माची किती माणसं यावर सत्तेची वाटणी ठरते आणि म्हणून कोणालाच परत मोजायचं नसतं. पण सातवीवाल्यांनी या भानगडीत पडू नका. आणि दुसऱ्यांना हसायच्या आधी, आपली स्वतःची शेवटची जनगणना २०११ ची आहे, २०२१ ची कोविडमुळे राहिली आणि पुढची २०२७ ची, हे पण लक्षात असू द्या, तुलना करताना कामाला येतं.

मी इथे नेपाळ घेतेय. शेजारचा देश, भाषा देवनागरीत, जनगणना २०२१ ची, घडामोडी तर विचारूच नका, आणि मुंबईत नेपाळची माणसं आपल्याला रोज दिसतात, बिल्डिंगच्या गेटवर, हॉटेलच्या किचनमधे, चायनीजच्या गाडीवर.

आता फोन हातात घ्यायच्या आधी एक प्रश्न ठरवा. खरंच सांगते, इथेच निम्मं काम होतं. 'नेपाळची माहिती' हा प्रश्न नाहीये, तसं शोधायला गेलात तर माउंट एव्हरेस्टची उंची, राष्ट्रीय पक्षी, राष्ट्रीय फूल, सगळं गोळा होईल आणि वीस पानं भरतील. त्यापेक्षा 'नेपाळमधली तरुण मुलं देश सोडून का जातात आणि त्याचा तिथल्या राजकारणावर काय परिणाम झाला' असं काहीतरी धरा. यात लोकसंख्या पण आली, घडामोडी पण आल्या, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेल्या. शिक्षकांनी दोन भाग दिलेत म्हणून दोन वेगवेगळे निबंध लिहायचे असं कुठेही म्हटलेलं नसतं, पण सगळे तेच करतात.

आकडे. लोकसंख्येचा आकडा तीन प्रकारे येतो आणि तिन्ही एकाच ओळीत कालवायचे नाहीत. एक जनगणना, म्हंजे घरोघरी जाऊन मोजलेलं. दुसरा सर्व्हे, म्हंजे काही हजार घरं निवडून विचारलेलं, शिक्षण आरोग्य वगैरे त्यातून कळतं. तिसरा अंदाज, म्हंजे मागच्या जनगणनेवरून जन्म, मृत्यू, स्थलांतर धरून काढलेलं गणित. संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक बँक जे दरवर्षीचे आकडे देतात ते या तिसऱ्या प्रकारातले. नेटवर ते लोकसंख्येचं घड्याळ असतं ना, सेकंदासेकंदाला आकडा वाढताना दिसतो, मुलांना फार आवडतं, पण तिथे कोणी बसून माणसं मोजत नसतं, ते पण गणितच. प्रोजेक्टमधे ते घड्याळ टाकू नका.

नेपाळमधे काय झालं बघा. त्यांची बारावी जनगणना जून २०२१ मधे व्हायची होती, कोविडमुळे पुढे गेली आणि नोव्हेंबरमधे झाली. जानेवारी २०२२ मधे प्राथमिक आकडा आला, २ कोटी ९१ लाख ९२ हजार ४८०. मग मार्च २०२३ मधे अंतिम आकडा आला, २ कोटी ९१ लाख ६४ हजार ५७८. दोन्ही सरकारी, दोन्ही खरे, पण वापरायचा अंतिम. आणि काही जुन्या पानांवर ३ कोटींच्या वर दिसतं ते कुठून आलं? जनगणनेचा निकाल हातात यायच्या आधी जे अंदाज बांधले होते त्यात नेपाळ ३ कोटी पार केलेला होता, प्रत्यक्षात मोजल्यावर कमी भरला. म्हणून आकडा लिहिताना वर्ष आणि कोणाचा हे दोन्ही लगेच पुढे लिहायचं, 'जनगणना २०२१, राष्ट्रिय तथ्यांक कार्यालय' असं. हे नेपाळ सरकारचं आकडेवारीचं ऑफिस, आधी त्याचं नाव केंद्रीय तथ्यांक विभाग होतं त्यामुळे जुन्या रिपोर्टवर ते नाव दिसेल, घाबरू नका, ऑफिस तेच आहे.

मिलियनचं गणित मात्र अगदी सावकाश करा. इंग्रजी पानावर २९.१६ मिलियन लिहिलेलं असतं आणि पोरं बिनधास्त '२९ कोटी' लिहून मोकळी होतात, म्हंजे नेपाळ एकदम दसपट. १ मिलियन म्हंजे १० लाख, म्हणून २९.१६ मिलियन म्हंजे २ कोटी ९१ लाख ६० हजार. लिहून झालं की एकदा ओळखीच्या आकड्याशी ताडून बघायचं, २०११ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती आणि बृहन्मुंबईची १ कोटी २४ लाख. म्हंजे सगळा नेपाळ साधारण अडीच मुंबईपेक्षा थोडा कमी. वर्षं वेगळी आहेत त्यामुळे ही तुलना ढोबळ, तसं कंसात लिहा, पण २९ कोटी लिहिलेलं असेल तर इथे लगेच पकडलं जातं.

लिंग गुणोत्तराला तर सगळेच फसतात. नेपाळच्या रिपोर्टमधे ९५.५९ लिहिलंय. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात भारताचं ९४३ असतं. मग पोरगं लिहितं, नेपाळमधे मुलींची अवस्था भयंकर. अरे बाबा, उलटं आहे! आपण १००० पुरुषांमागे किती बायका ते लिहितो आणि ते १०० बायकांमागे किती पुरुष ते लिहितात. नेपाळमधे पुरुष १ कोटी ४२ लाख ५३ हजार ५५१ आणि बायका १ कोटी ४९ लाख ११ हजार २७, आपल्या पद्धतीने काढलं तर १००० पुरुषांमागे १०४६ बायका. आणि मग खरा प्रश्न येतो, बायका जास्त का? पुरुष कुठे गेले? इथून तुमचं प्रोजेक्ट सुरू होतं बघा.

शहरी लोकसंख्या हा माझा आवडता सापळा आहे म्हणून यावर जरा जास्त लिहिते. २०११ च्या जनगणनेत नेपाळची शहरी लोकसंख्या साधारण १७ टक्के. २०२१ मधे नगरपालिकांच्या हद्दीत राहणारे ६६ टक्के. दहा वर्षांत १७ चे ६६? तसं असतं तर काठमांडूत उभं राहायला जागा उरली नसती. झालं काय, २०१५ ला नवीन संविधान आलं, देशाचे ७ प्रांत झाले आणि २०१७ च्या सुमारास सगळ्या स्थानिक संस्था नव्याने आखल्या, आता एकूण ७५३ आहेत आणि त्यातल्या २९३ ना नगरपालिकेचा दर्जा आहे. आजूबाजूची गावं, शेतं, डोंगर सगळं नगरपालिकेत घातलं गेलं. माणूस आपल्या घरातच बसून होता, पाटी बदलली आणि तो शहरी झाला. हे तिथल्या आकडेवारीच्या ऑफिसला पण माहिती होतं म्हणून त्यांनी वस्तीची घनता बघून वेगळी विभागणी केली, त्यात खरी शहरी लोकसंख्या २७ टक्के निघाली, बाकीचे निमशहरी आणि ग्रामीण. आता एका पानावर ६६ दिसतंय, दुसऱ्यावर २७, आणि जागतिक बँकेकडे आणखी तिसराच. यातलं बरोबर कुठलं असं विचारू नका, 'शहरी' कशाला म्हटलंय ते विचारा, आणि फाइलमधे दोन्ही आकडे देऊन खाली दोन ओळीत कारण लिहा. माझ्या मते झेंडा आणि राष्ट्रगीताच्या पाच पानांपेक्षा या दोन ओळी भारी.

अजून एक, नेपाळचं सरकारी कॅलेंडर विक्रम संवताचं आहे. रिपोर्टच्या कव्हरवर 'राष्ट्रिय जनगणना २०७८' दिसलं तर ती भविष्यातली नाही, २०२१ चीच. साधारण ५७ वजा करायचे, पण त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं त्यामुळे जानेवारी ते एप्रिलमधली तारीख असेल तर ५६. पैशापाण्याचे आकडे बघताना २०८०/८१ असं असेल तर ते आर्थिक वर्ष, २०२३-२४, आणि ते जुलैच्या मध्यापासून धरतात.

धर्म, भाषा, जाती हे सगळं जनगणनेच्या रिपोर्टमधे आयतं मिळतं, तिथे वेळ घालवायची गरज नाही. हिंदू ८१ टक्क्यांच्या थोडे वर, बौद्ध ८.२, इस्लाम ५, किरात (तिथल्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या जमातींचा धर्म) ३.२, ख्रिश्चन १.८ च्या आसपास. मातृभाषा १२४ नोंदवल्यात, नेपाळी मातृभाषा असणारे ४५ टक्के, दुसऱ्या नंबरला मैथिली ११ टक्के. एक तक्ता करा आणि पुढे चला.

कुठे शोधायचं तर आधी त्या देशाचं जनगणनेचं सरकारी पान, मग संयुक्त राष्ट्रांचं लोकसंख्येचं पान आणि जागतिक बँकेचं डेटाचं पान. विकिपीडिया वापरू नका असं शाळेत सांगतात, मी म्हणते वापरा, पण वरचा मजकूर उतरवायला नाही, खालच्या टिपांमधे आकडा कुठून आलाय ते बघून मूळ ठिकाणी जायला. मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, इतिहास भूगोलासाठी छान, पण जुन्या छापील खंडातली नेपाळची नोंद राजेशाहीच्या काळातली आहे आणि तिथली राजेशाही २८ मे २००८ ला संपली, तेव्हा राजा, लोकसंख्या, राज्यव्यवस्था हे तिथून उचलू नका. दादरजवळ राहात असाल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात एक चक्कर मारा, एसी नसला तरी चालेल पण मुलाला कळू दे की माहिती फोनच्या बाहेर पण असते. चॅटजीपीटीला विचारलं तर चालेल का, हे मला हल्ली प्रत्येक पालक विचारतात. काय शोधायचं, कुठल्या ऑफिसकडे काय मिळेल, अवघड इंग्रजी परिच्छेद सोपा करून दे, यासाठी चालेल. आकडा त्याच्याकडून घ्यायचा नाही. घेतलाच तर मूळ रिपोर्टमधे तो आकडा डोळ्यांनी दिसेपर्यंत फाइलमधे जाणार नाही, हा माझ्याकडे नियम आहे आणि यावर मी ऐकत नाही.

वहीचं एक पान आडवं धरून चार रकाने पाडा, काय, किती, कुठल्या वर्षीचं, कुठून मिळालं. बस. जे काही सापडेल ते आधी इथे, मग फाइलमधे. कंटाळवाणं आहे पण तोंडी परीक्षेला बाईंनी 'हे कुठून आणलंस' विचारलं की हेच पान वाचवतं.

आता घडामोडी. इथे पहिली गोष्ट म्हंजे काळ ठरवा, गेलं एक वर्ष किंवा सहा महिने, नाहीतर २०१५ चा भूकंप पण 'चालू घडामोडी'त येऊन बसतो. मग तारखांची एक रेघ मारा. नेपाळची २०२५ ची रेघ अशी दिसेल: ४ सप्टेंबरला सरकारने नोंदणी केली नाही म्हणून २६ सोशल मीडिया अॅप बंद करायचा आदेश काढला, ८ तारखेला तरुण मुलं रस्त्यावर आली, राग फक्त अॅपचा नव्हता, भ्रष्टाचार आणि नेत्यांच्या मुलांची चैन यावर पण होता, गोळीबार झाला आणि त्या एका दिवसात १९ जण गेले. ९ तारखेला पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला, संसद आणि सिंहदरबार (तिथलं मंत्रालय) पेटवले गेले. १२ तारखेला सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान, आणि त्याआधी २०१६ मधे पहिल्या महिला सरन्यायाधीश पण त्याच. संसद बरखास्त, निवडणूक ५ मार्च २०२६ ला ठरली. त्या निवडणुकीनंतर काय झालं ते तुम्ही स्वतः शोधून रेघेवर पुढे लावा, आणि पंतप्रधानांचं नाव सबमिशनच्या आदल्या दिवशी परत एकदा चेक करा. नेपाळमधे तर कराच, ओली पण जुलै २०२४ मधेच आधीचे पंतप्रधान पुष्पकमल दहल 'प्रचंड' यांच्या जागी आले होते.

मृतांचा आकडा बघा, पहिल्या दिवशीच्या बातमीत १९, पुढच्या काही आठवड्यांतल्या बातमीत ७० च्या वर. दोन्ही बातम्या त्या त्या दिवशी बरोबर होत्या. म्हणून बातमीतला कुठलाही आकडा तारखेशिवाय लिहायचा नाही. आणि एकच बातमी तीन ठिकाणी वाचायची, एक तिथलं, एक आपल्याकडचं, एक तिसरीकडचं. तिथलं म्हंजे काठमांडू पोस्ट इंग्रजीत आहे, कान्तिपुर नेपाळीत, आणि लिपी देवनागरी असल्यामुळे आपल्या मुलांना मथळे तरी निम्मेअर्धे वाचता येतात, करून बघा, मुलं खूश होतात. आपल्याकडच्या बातमीत जास्त करून भारतावर काय परिणाम, सीमेवर काय, अडकलेले पर्यटक किती, असा सूर असतो, तिथल्या पेपरात नोकऱ्या, चौकशी आयोग, कुठल्या पक्षात कोण गेलं हे असतं. कोणी काय सांगितलं आणि काय वगळलं ते तीन ओळीत लिहिलं तर ते तुमचं स्वतःचं काम झालं, कुठून उतरवलेलं नाही. व्हॉट्सअॅपवर आलेले आगीचे, पळापळीचे व्हिडिओ आणि फोटो गुगल लेन्सवर टाकून बघितल्याशिवाय वापरू नका, दुसऱ्या देशाचे, दुसऱ्या वर्षाचे असतात बऱ्याचदा.

मग दोन्ही भाग जोडा. २०२१ च्या जनगणनेत घरातली जवळपास २२ लाख माणसं परदेशात असल्याची नोंद आहे आणि त्यातले पाचात चार पुरुष. मघाशी विचारलं ना पुरुष कुठे गेले, तर इथे. आखाती देश, मलेशिया, भारत. ही माणसं घरी जे पैसे पाठवतात ते देशाच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण पाव भाग भरतात. म्हंजे नोकरी देशात नाही, भाऊ बाहेर, त्याच्याशी बोलायचं ते फोनवरच्या अॅपवर, आणि सरकार तेच अॅप बंद करतं. आता ४ सप्टेंबरच्या आदेशाने एवढा भडका का उडाला ते सातवीच्या मुलाला पण समजेल. ग्राफपेपरवर वयाचा मनोरा काढा, डावीकडे पुरुष उजवीकडे बायका, पाच-पाच वर्षांचे गट, विशी-तिशीच्या पट्ट्यात पुरुषांची बाजू आत गेलेली दिसते. रेडीमेड मनोरे नेटवर मिळतात पण हाताने काढलेला असेल तर तो खड्डा लक्षात राहतो.

बिल्डिंगच्या वॉचमनकाकांशी किंवा हॉटेलातल्या दादांशी बोलायचं असेल तर जरूर बोला, भारत-नेपाळ १९५० च्या करारामुळे त्यांना इथे यायला व्हिसा लागत नाही, मुंबईत येणारे बरेचसे पश्चिम नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांतले असतात. पण त्यांची ड्युटी चालू असताना वही घेऊन उभं राहू नका, आधी विचारा, नाव आणि फोटो फाइलमधे टाकू नका, आणि पगार किती असले प्रश्न नकोत. गाव कुठलं, किती वर्षांपूर्वी आलात, घरी कोण आहे, वर्षातून कधी जाता, एवढं पुरे. आणि ते एका माणसाचं बोलणं आहे, त्यावरून 'नेपाळी लोक असे असतात' हे वाक्य लिहायचं नाही.

नकाशाला जपा. नेपाळने २०२० मधे लिपुलेख, कालापानी, लिंपियाधुरा हे सीमेवरचे वादातले भाग आपल्या हद्दीत दाखवणारा नवा नकाशा काढला, भारताला तो मान्य नाही. म्हणून नेपाळच्या साइटवरून नकाशा उचलून चिकटवला तर शाळेत प्रॉब्लेम होऊ शकतो, भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा वापरा. क्षेत्रफळ पण यामुळेच कुठे १,४७,१८१ चौरस किलोमीटर तर कुठे १,४७,५१६ दिसतं, जुना म्हंजे १,४७,१८१ चा आकडा घेऊन खाली टीप टाका.

शेवटी प्रिंट. मराठीत टाइप केलं असेल तर फाइल पीडीएफ करूनच झेरॉक्सवाल्याकडे न्या, वर्डची फाइल नेली तर त्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसतो आणि सगळ्या मात्रा-वेलांट्या उडतात. ग्राफ काळ्या-पांढऱ्यात काढणार असाल तर रंगांऐवजी रेघा आणि ठिपके वापरा, नाहीतर पुरुष-बायका दोन्ही पट्ट्या एकसारख्या करड्या येतात. आणि ते चार रकान्यांचं पान टाइप करत बसू नका, हाताने लिहिलेलं आहे तसंच शेवटी लावा.